नंतर काय केलं तिने?

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर काहीबाही बघत पडले होते, तेवढ्यात एक वीस-बावीस मिनिटांची डॉक्युमेंट्री समोर आली. कॅमेऱ्यासमोर एक साठी ओलांडलेली बाई बसलीये, अंगाने भरपूर, आवाजात गोडवा, आणि बोलता बोलता स्वतःच्याच आठवणीवर खुदकन हसते, आणि ते हसू असं की बघणाऱ्यालाही हसायला येतं. नाव लुसिया हॅरिस. मी बास्केटबॉल बऱ्यापैकी फॉलो करते, कॉलेजात खेळलेय पण (खेळलेय म्हणजे मुख्यतः बेंचवर बसलेय, पण युनिफॉर्म घालून!), तरी हे नाव मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली.

कारण ही बाई म्हणजे कोण, तर ऑलिंपिकमध्ये बायकांच्या बास्केटबॉलची पहिलीवहिली बास्केट जिने टाकली ती. १९७६, माँट्रियल. पुरुषांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ पासून होतं, बायकांचा नंबर लागायला चाळीस वर्षं गेली, आणि तो लागला तेव्हा जपानविरुद्धच्या मॅचमध्ये पहिले पॉइंट्स हिचे. मॅच अमेरिका हरली, ते सोडा. पण रेकॉर्ड आज ना उद्या कुणीतरी मोडतं, हे कोण मोडणार?

मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबणारं कुटुंब, शेत दुसऱ्याचं, हे वाट्याने कसणारे. अकरा भावंडं, त्यात हिचा नंबर दहावा. रात्री आईने झोपायला सांगितलं की ही पांघरुणाचा तंबू करून आत टीव्हीवर एनबीए, म्हणजे पुरुषांची प्रोफेशनल लीग, बघायची. उंची सहा फूट तीन इंच, शाळेत त्यावरून चिडवाचिडवी, आणि मग हाच उंचीचा प्रॉब्लेम कोर्टवर गेल्यावर एकदम प्रॉब्लेम राहिला नाही. डेल्टा स्टेट नावाच्या एका लहानशा युनिव्हर्सिटीला तिने १९७५, ७६, ७७ अशी सलग तीन नॅशनल टायटल्स मिळवून दिली. आणि मग १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या एनबीएच्या टीमने सातव्या राउंडमध्ये तिला ड्राफ्ट केलं, म्हणजे नवीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिचं नाव घेतलं. हो, पुरुषांच्या लीगने. अधिकृतपणे ड्राफ्ट झालेली एकमेव बाई.

ती गेलीच नाही ट्रायलला. एक तर तिचं म्हणणं, पुरुषांच्या त्या लेव्हलला आपण खेळू शकू असं तिला वाटत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तेव्हा ती प्रेग्नंट होती. पश्चात्ताप वगैरे काही नाही असं ती शांतपणे सांगते, आणि सांगताना पुन्हा ते हसू.

मी इथे व्हिडिओ थांबवला, कारण माझ्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली. १९५५ चा जन्म म्हणजे १९७७ मध्ये ही बावीस वर्षांची. बावीस! आणि कॉलेज संपलं म्हणजे खेळ संपला, कारण अमेरिकेत बायकांची प्रोफेशनल लीगच नव्हती. वर्षभराने एक लीग सुरू झाली, त्यात ती ह्यूस्टनकडून थोडं खेळली, पण ती लीगच तीन सीझनमध्ये, १९८१ ला गुंडाळली. पगाराचे चेक न वटणारी लीग होती ती. मग लुसियाने काय केलं? युनिव्हर्सिटीच्या अॅडमिशन ऑफिसात नोकरी केली, मास्टर्स केलं, शाळेत शिकवलं, कोचिंग केलं, चार मुलं वाढवली. बायपोलर डिसऑर्डरशी झगडली, आणि त्याबद्दलही ती कॅमेऱ्यासमोर आढेवेढे न घेता बोलते. १९९२ मध्ये तिचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, समावेश झाला, खेळाडू म्हणून तिथे गेलेली पहिली कृष्णवर्णीय बाई. १८ जानेवारी २०२२ ला ती गेली, ६६ वर्षांची असताना, आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्या डॉक्युमेंट्रीला ऑस्कर मिळालं. दोन महिने फक्त. ह्या एका गोष्टीचा मला अजून राग येतो, कुणावर ते कळत नाही.

तर तेव्हापासून माझा नाद असा लागलाय की कुठल्याही मोठ्या खेळाडू बाईचं नाव आलं की मी आधी स्कोअर बघत नाही, नंतर तिने काय केलं ते शोधते. पुरुष खेळाडूंचं "नंतर" साधारण ठरलेलं असतं, पस्तिशीत रिटायर व्हायचं, मग कॉमेंट्री, जाहिराती, एखादं हॉटेल. ह्या बायकांचं नंतर कुणाचं बावीसला सुरू झालंय, कुणाचं खेळत असतानाच समांतर चालू होतं, आणि कुणी तर नंतर संपवून परत खेळायला आलीये.

माँट्रियलचीच ती टीम घ्या ना. सिल्व्हर मिळालं होतं त्यांना. त्या टीमची को-कॅप्टन होती पॅट हेड, पुढे लग्नानंतर पॅट समिट. ती १९७४ मध्ये बावीस वर्षांची असताना टेनेसी युनिव्हर्सिटीची हेड कोच झाली, महिना २५० डॉलर पगार, टीमची व्हॅन स्वतः चालवायची, युनिफॉर्म पण स्वतःच धुवायचे. म्हणजे ऑलिंपिकमध्ये खेळली तेव्हा ती ऑलरेडी दोन वर्षं कोच होती! पुढे ३८ सीझन, १०९८ विजय, ८ नॅशनल टायटल्स. पण मला सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच गोष्ट, तिच्याकडे कॉलेजची पूर्ण वर्षं खेळलेल्या प्रत्येक मुलीने डिग्री पूर्ण केली. प्रत्येक. कारण वर्गाला दांडी मारली तर मॅचला बाहेर बसवणार, विषय संपला. बाईंना पक्कं माहीत होतं की यातल्या बहुतेकींना खेळातून घर चालवता येणार नाही, तेव्हा आत्ताच काय ती सोय करून ठेवा. २०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांना अल्झायमर्स झाल्याचं निदान झालं, आणि त्यांनी ते लगेच जाहीर करून टाकलं, आणखी एक सीझन कोचिंग केलं. २०१६ मध्ये गेल्या.

(मी आधी "ती" म्हणत होते आणि मध्येच "त्यांना" वर आले, राहू दे तसंच. पॅट समिटबाईंचा तो रोखून बघायचा लुक ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.)

त्याच टीममध्ये अॅन मायर्स. युसीएलए युनिव्हर्सिटीत पूर्ण चार वर्षांची अॅथलेटिक स्कॉलरशिप मिळवणारी पहिली मुलगी. १९७९ मध्ये इंडियाना पेसर्सने तिच्याशी ५०,००० डॉलरचा करार केला, पुरुषांच्या टीमच्या ट्रायलला ती खरंच गेली, तीन दिवस खेळली, निवड झाली नाही. लोक म्हणाले पब्लिसिटी स्टंट. तिने तिथून कॉमेंट्रीचा माइक उचलला तो पुढे अनेक वर्षं. बेसबॉलचा मोठा पिचर डॉन ड्राइसडेल तिचा नवरा, तो १९९३ मध्ये अचानक गेला तेव्हा पदरी तीन लहान मुलं. पुढे ती फिनिक्स मर्क्युरी या बायकांच्या टीमची जनरल मॅनेजर झाली आणि २००७ ला टीम चॅम्पियन. हिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा, इथे पळवतेय.

आणि त्यांना हरवणारी? सोव्हिएत टीमने अमेरिकेला ११२-७७ असं धुतलं होतं, आणि त्या टीमच्या मध्यभागी उभी होती लाटव्हियाची उल्याना सेम्योनोवा. उंची सात फुटांच्या आसपास, पायात ५८ नंबरचा बूट. लुसिया हॅरिससारखी सहा फूट तीनची बाई तिच्यापुढे लहान मुलगी दिसते फोटोत. तेराव्या वर्षी उंचीमुळे शोधून रीगाला नेलेली ही पोर, पुढे तिथल्या टीटीटी रीगा क्लबकडून युरोपचं क्लब टायटल ११ वेळा जिंकली, दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि सोव्हिएत टीमकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकही मॅच कधी हरली नाही. परत वाचा, एकही नाही. अठरा वर्षं.

आता हिच्याबद्दल लोक काय बोलायचे, तर उंची आहे म्हणून जमतं, नुसतं हात वर करायचा. मला हे ऐकलं की डोक्यात जातं. उंच माणसं काय कमी असतात का जगात? एवढं मोठं शरीर घेऊन चाळीस मिनिटं वर-खाली पळणं, बास्केटखाली दोघी-तिघी अंगावर लटकत असताना बॉल सोडवणं, गुडघे, पाय, सगळ्यावर किती लोड येत असेल याचा विचार तरी करा. पस्तिशीत ती स्पेनमध्ये आणि मग फ्रान्समध्ये क्लबकडून खेळली. १९९३ मध्ये हॉल ऑफ फेम, अमेरिकेबाहेरची पहिली बाई. आणि नंतर? लाटव्हिया स्वतंत्र झाल्यावर तिने अनेक वर्षं एक फंड सांभाळला, ऑलिंपियन लोकांसाठीचा सोशल फंड, म्हणजे ज्या म्हाताऱ्या खेळाडूंचं आजारपण आहे, पैसा नाही, त्यांना मदत. ज्या देशाने मेडल्स मोजली तो देशच नकाशावरून गेला, आणि त्या मेडलवाल्यांची औषधं कुणी बघायची तर हिने. मला वाटतं मेडल गळ्यात घातलेल्या फोटोपेक्षा हा फंडाच्या ऑफिसात बसलेला फोटो मी घरात लावला असता. असा फोटो आहे का कुणास ठाऊक.

मग १९९७ ला अमेरिकेत डब्ल्यूएनबीए, म्हणजे बायकांची एनबीए, आली. तोपर्यंत किती जणींचं वय निघून गेलं असेल. सिंथिया कूपरचंच जवळजवळ गेलं होतं. कॉलेज झाल्यावर दहा वर्षं ती स्पेन आणि इटलीमध्ये खेळत होती, जिथे तिच्या देशातलं कुणी बघायला नाही. लीग आली तेव्हा ३४ वर्षांची. आणि मग ह्यूस्टन कॉमेट्सकडून पहिली चारही टायटल्स, चारही वेळा फायनल्सची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. चौतिसाव्या वर्षी "नवोदित"! तिच्याच टीममधली शेरिल स्वूप्स, जिच्या नावाने नाइकीने बूट काढला, बाईच्या नावाचा पहिला बास्केटबॉल शू, तिचं बाळ लीग सुरू झाल्यावर चार दिवसांनी जन्मलं आणि साधारण सहा आठवड्यांत ती कोर्टवर. तीन ऑलिंपिक गोल्ड, तीन वेळा एमव्हीपी, आणि २००४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. आणि ती कॉमेट्स टीम? २००८ मध्ये बंद. चार टायटल्सचे बॅनर आणि टांगायला घर नाही.

पैशाचं बोलायलाच हवं, त्याशिवाय ह्यांची करिअर्स कळतच नाहीत. लीग उन्हाळ्यात तीन-चार महिने असायची, पगार बेताचा होता, म्हणून उरलेलं वर्ष रशिया, तुर्की, चीन. शरीराला सुट्टीच नाही. डायना टॉरासी, सहा ऑलिंपिक गोल्डवाली, तिला २०१५ मध्ये रशियातल्या एकातेरिनबर्गच्या क्लबने चक्क सांगितलं की तू उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, आराम कर, तिकडचे पैसे आम्ही देतो. आणि ती घरी बसली! अमेरिकेत जास्तीत जास्त पगार एक लाख सात हजार डॉलर, रशियात पंधरा लाखांच्या बातम्या. कुणीही बसलं असतं. आणि त्याच क्लबकडे परत जाताना फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनी ग्रायनरला मॉस्कोच्या एअरपोर्टवर पकडलं, सामानात कॅनबिस ऑइल, नऊ वर्षांची शिक्षा, आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका. ती तिथे गेली कशाला होती असं बरेच जण विचारत होते. पगारासाठी! नोकरीवर चालली होती बाई.

आता चित्र बदलतंय म्हणतात, बदलतंयही. कँडेस पार्कर २०२४ मध्ये रिटायर झाली आणि काही दिवसांत आदिदासच्या विमेन्स बास्केटबॉलची प्रेसिडेंट. स्यू बर्ड ज्या सिअॅटल टीमकडून आयुष्यभर खेळली तिचीच पार्ट ओनर. टमिका कॅचिंग्सने तर इंडियानापोलिसमध्ये स्वतःचं आवडतं चहाचं दुकान बंद पडतंय कळल्यावर ते विकतच घेतलं (लहानपणापासून कमी ऐकू येणारी ही मुलगी, चार ऑलिंपिक गोल्ड, आणि आता चहा, मला फार आवडलं हे). पण शमीक होल्ड्सक्लॉचं पण आठवतं. पॅट समिटची स्टार, कॉलेजची तीन टायटल्स, १९९९ ची पहिली ड्राफ्ट पिक, तिला बायकांमधला मायकल जॉर्डन करून टाकलेलं सगळ्यांनी, आणि मग डिप्रेशन, सीझन अर्धवट सोडणं, खूप वाईट दिवस. आता ती मानसिक आरोग्यावर बोलत फिरते. लुसिया आणि ती, मध्ये वीस-बावीस वर्षं, आजार जवळजवळ तोच, फरक एवढाच की हिला बोलायला लोक समोर बसलेले मिळाले.

गुडघे. माझा डावा गुडघा अजून जिना उतरताना कुरकुरतो आणि मी तर बेंचवर बसणारी, मग यांचं काय होत असेल. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त असतं. बेकी हॅमनचं २०१३ मध्ये तुटलं. ही बाई म्हणजे १९९९ ला कुठल्याच टीमने ड्राफ्ट न केलेली, पाच फूट सहा इंच, स्वतःच्या देशाच्या टीमने बोलावलं नाही म्हणून २००८ ला रशियाचं नागरिकत्व घेऊन ऑलिंपिक खेळलेली (ब्राँझ मिळालं, आणि मायदेशातून शिव्याही). तर लिगामेंट तुटल्यावर वर्षभर खेळता येत नाही, मग तिने काय करावं, शहरातल्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायला लागली. नुसती बघत, ऐकत, मध्येच काहीतरी बोलत. २०१४ मध्ये स्पर्सने तिला फुल-टाइम असिस्टंट कोच केलं. ३० डिसेंबर २०२० ला हेड कोच पॉपोविच यांना रेफरीने बाहेर काढलं आणि उरलेली मॅच तिने चालवली, एनबीएची टीम चालवणारी पहिली बाई. नंतर डब्ल्यूएनबीएच्या लास वेगास एसेसची कोच, २०२२, २०२३, २०२५ चॅम्पियन. तुटलेल्या गुडघ्याला मी एवढं कामाला लागलेलं कधी बघितलं नव्हतं.

डॉन स्टेली पण बेकीसारखीच पॉइंट गार्ड, म्हणजे कोर्टवर टीमचा खेळ चालवणारी. बघितलंत का, कोच होणाऱ्या बऱ्याच जणी पॉइंट गार्डच निघतात, कारण आयुष्यभर बाकीच्या चौघींना कुठे उभं राहायचं हे ओरडून सांगायची सवय! स्टेली २००० पासून टेंपल युनिव्हर्सिटीची कोच होती आणि उन्हाळ्यात स्वतः डब्ल्यूएनबीएत खेळायची, अशी सहा-सात वर्षं. मग साउथ कॅरोलायना, २०१७, २०२२, २०२४ ची टायटल्स, आणि २०२४ ला तर ३८ पैकी ३८ मॅचेस जिंकून. तिची एक गोष्ट सांगते. फायनल जिंकल्यावर बास्केटची जाळी कापून घ्यायची पद्धत आहे. कॅरोलिन पेक या १९९९ मध्ये हे टायटल जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कोच, त्यांनी आपल्या जाळीचा एक तुकडा स्टेलीला दिला होता, तू जिंकशील तेव्हा परत कर म्हणून. स्टेली जिंकली, आणि पुढे तिने स्वतःच्या जाळीचे तुकडे कापून देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचेसना पाठवले. दोऱ्याचा एवढासा तुकडा पाकिटात घालून.

आणि माया मूर. हिच्यापाशी येऊन माझं सगळं गणित बिघडतं, कारण हिला कुणी थांबवलं नाही, लीग होती, गुडघे धड होते, २९ वर्षांची, चार टायटल्स, दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि २०१९ मध्ये म्हणाली या वर्षी खेळत नाही. जोनाथन आयर्न्स नावाचा एक माणूस, सोळा वर्षांचा असतानाच्या गुन्ह्यासाठी ५० वर्षांची शिक्षा भोगत होता, जो त्याने केलाच नव्हता असं त्याचं म्हणणं. मायाच्या घरच्यांची त्याच्याशी तुरुंगातली ओळख. तिने करिअरच्या ऐन भरात सगळं बाजूला ठेवून ती केस लावून धरली. मार्च २०२० मध्ये शिक्षा रद्द, १ जुलैला तो बाहेर, आणि काही दिवसांत दोघांनी लग्न केलं. मी तिचा तो गेटबाहेरचा व्हिडिओ कितीदा बघितलाय, तो बाहेर येतो आणि ही गुडघ्यांवर खाली बसते. २०२३ मध्ये तिने अधिकृत रिटायरमेंट जाहीर केली, ते आपलं कागदोपत्री. लोक हळहळतात, अजून किती टायटल्स जिंकली असती म्हणून. मी पण हळहळते, खोटं कशाला बोलू, तो जंप शॉट होताच तसा.

परत आलेल्यांमध्ये ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन. गुडघ्याने दगा दिला म्हणून २०१६ ला रडत रिटायर झाली, मग दोन मुलं, नोकरी, सगळं झालं, हॉल ऑफ फेम पण झालं. आणि २०२२ मध्ये, ४१ व्या वर्षी, सिडनीच्या वर्ल्ड कपमध्ये परत. ब्राँझच्या मॅचमध्ये कॅनडाविरुद्ध ३० पॉइंट्स. मग पॅरिस ऑलिंपिक, ४३ व्या वर्षी, तिथेही ब्राँझ.

आणि हो, माँट्रियलच्या टीममधली एक सांगायची राहिली. सगळ्यात लहान, अठरा वर्षांची, लाल केसांची नॅन्सी लीबरमन. तिच्या आयुष्यात सगळं झालं, बंद पडलेली लीग, पुरुषांच्या लहान लीग्स, ३९ व्या वर्षी डब्ल्यूएनबीएचा पहिला सीझन, जनरल मॅनेजर, कोच, कॉमेंट्री. आणि मग २००८ च्या जुलैत डेट्रॉइटच्या टीमने तिला सात दिवसांचा करार दिला. वय पन्नास. समोरच्या टीममधल्या पोरी तिच्या मुली शोभतील अशा वयाच्या. माँट्रियलनंतर बत्तीस वर्षांनी ती शूजच्या लेस बांधून बेंचवरून उठली, नऊ मिनिटं खेळली, आणि दोन असिस्ट, म्हणजे दुसरीला बास्केट मिळवून देणारे पास, दिले.